रोजगाराच्या ठिकाणी आपली ओळख आणि इतरांची



सूरह रूमच्या बाविसाव्या आयतीत अल्लाहने आपल्या निशाण्या सांगताना आकाशांची व पृथ्वीची निर्मिती सांगितली आणि तिच्या जोडीलाच माणसांच्या भाषा व त्यांचे रंग निरनिराळे असणे ठेवले. जाणत्या लोकांसाठी यात संकेत आहेत, असा तिचा पुढचा आशय आहे. ही आयत आपण सहसा दूरदेशींच्या संदर्भात ऐकतो. कोणी अरब, कोणी हबशी, कोणी चिनी! तिचा अर्थ उमगण्यासाठी मात्र एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. सोयाबीनची आवक सुरू झाली की वाशिम, रिसोड, कारंजा किंवा मंगरूळपीरच्या बाजार समितीत सकाळी थोडा वेळ उभे राहावे. माल घेऊन आलेला कुणबी, मराठा किंवा बंजारा शेतकरी, काट्यावरचा मापाडी, पाठीवर पोते घेणारा बौद्ध किंवा मुस्लिम हमाल, सांडलेले दाणे झाडून चाळणाऱ्या बाया, गादीवरचा अडत्या, बाहेर ट्रकची ताडपत्री आवळणारा चालक, असे सगळे हात एकाच ढिगाला लागलेले असतात. कोणी गोरमाटीत बोलतो, कोणी वऱ्हाडीत, कोणी आपल्या घरी बोलतो त्या दखनी वळणाच्या हिंदीत. भाव मात्र सगळ्यांना एकाच क्षणी कळतो.

ओझे उचलण्याच्या जागी अल्लाहची ही निशाणी अशी उघड दिसते. तेथून उठून कार्यालयात, बँकेत, एखाद्या कंपनीच्या मुलाखतीच्या खोलीत जावे, तर ती विरळ होत जाते. असे का होते, या बाबतीत दीन आपल्याला काय शिकवतो, आणि जो न्याय आपण इतरांकडे मागतो तो आपल्या गल्ल्यावर बसून आपण स्वतः करतो का, हा या पाठाचा विषय आहे.

वस्तुस्थिती

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. तालुके सहा, २०११ च्या जनगणनेप्रमाणे वस्ती जवळपास बारा लाख, आणि त्यातील ऐंशी टक्क्यांहून अधिक खेड्यांत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातील आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांमध्ये वाशिमचे नाव आले. हे नाव कानाला गोड लागत असले तरी त्याचा अर्थ मागे राहिलेला जिल्हा एवढाच आहे. मोठे कारखाने फार थोडे असल्यामुळे शिकलेला मुलगा अकोल्याला, पुण्याला किंवा मुंबईला जातो आणि जाताना आपले नाव सोबत घेऊन जातो.

त्या नावाचे पुढे काय होते, याचा अभ्यास झालेला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या संशोधकांनी वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण व पात्रता सारखीच होती. फरक फक्त नावाचा होता. काही नावे उच्चवर्णीय हिंदूंची, काही दलितांची, काही मुसलमानांची. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश होती, आणि दलित नावाची सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे दार केवळ आपल्यालाच बंद होते असे नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, त्याची पुढे गरज पडेल.

सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये दिलेला अहवाल बहुतेक वाचकांना ऐकून माहीत आहे. देशाच्या लोकसंख्येत १३.४ टक्के असलेला समाज सरकारी नोकऱ्यांत ४.९ टक्के, रेल्वेत ४.५ टक्के आणि भारतीय प्रशासकीय सेवेत ३ टक्के होता. महाराष्ट्रात डॉ. महमूदुर रहमान समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. जुलै २०१४ मध्ये अध्यादेशाने पाच टक्के आरक्षण आले. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणातील भाग तात्पुरता चालू ठेवून नोकऱ्यांतील भाग थांबवला, आणि पुढे अध्यादेशाचेही कायद्यात रूपांतर झाले नाही. सच्चर समितीने समान संधी आयोगाची शिफारस केली होती, तिच्या पाठोपाठ तज्ज्ञ गटाने मसुदाही दिला, पण तो आयोग आजवर अस्तित्वात आलेला नाही. संविधानाचा अनुच्छेद १६ सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करतो. खासगी मालकाला तसे बांधणारा सर्वंकष कायदा आपल्या देशात नाही. २०१५ मध्ये मुंबईतील हिऱ्यांच्या एका निर्यातदार कंपनीने एका तरुणाला ‘आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो’ अशा अर्थाचे उत्तर लेखी पाठवले, म्हणून पोलिसांत गुन्हा नोंदवता आला. जो मालक लिहीत नाही, नुसते हसून ‘कळवू’ म्हणतो, त्याचे काय करायचे?

नाव आणि गुण

अशा वेळी घराघरांत एक विचार डोकावतो. अर्जात नाव थोडे आखूड करावे, आडनावावर भागवावे, टोपणनाव लावावे. आई-वडिलांच्या मनात हे भीतीपोटी येते आणि ती भीती खोटी नाही. परंतु सूरह यूसुफ या ठिकाणी उघडून वाचावी. हजरत यूसुफ (अलै.) परक्या देशात, परधर्मीय राजाच्या कैदेत होते. तुरुंगातील सोबत्यांपुढे त्यांनी आपण इब्राहीम, इसहाक व याकूब (अलै.) यांच्या मार्गाचे अनुयायी आहोत हे स्वच्छ सांगितले. पुढे राजासमोर उभे राहिले तेव्हा जमिनीच्या कोठारांचा कारभार मागताना त्यांनी आपले दोन गुण मांडले, ते म्हणजे राखण करण्याची जबाबदारी आणि विषयाचे ज्ञान. ओळख लपवली नाही, आणि ओळखीच्या जोरावर पदही मागितले नाही. दुष्काळाच्या सात वर्षांत त्यांनी धान्य वाटले ते संपूर्ण मिसरला.

सूरह कससमध्ये दुसरे उदाहरण आहे आणि ते मालकाच्या बाजूचे आहे. हजरत मूसा (अलै.) मदयनच्या पाणवठ्यावर आले तेव्हा ते परागंदा होते. ना गाव, ना नाते, ना शिफारस. ज्यांच्या जनावरांना त्यांनी पाणी पाजले त्या दोन बहिणींपैकी एकीने वडिलांना त्यांना कामावर ठेवण्याचा सल्ला दिला, आणि कारण सांगताना दोनच कसोट्या सांगितल्या. कामाला समर्थ असावा आणि विश्वासू असावा. पोशाख मिसरी होता, बोली वेगळी होती, पण तिने त्यांचा उल्लेखही केला नाही. त्यानंतर करार झाला, मुदत ठरली, वडिलांनी कामगारावर कष्ट न लादण्याचे वचनही दिले. नोकरभरतीचे यापेक्षा स्वच्छ वर्णन शोधून सापडणार नाही, आणि ते एका मुलीच्या तोंडून आलेले आहे.

तेव्हा आपल्या मुलाने वा मुलीने अर्जात पूर्ण नाव लिहावे आणि त्या नावाखाली सामर्थ्य दिसेल असे काही लिहिता यावे, यासाठी घराने खर्च करावा. एका बाबतीत येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्या भागातील कितीतरी मुले उर्दू माध्यमातून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतात आणि मराठीच्या उत्तरपत्रिकेवर अडतात. १९६४ च्या अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा आहे. तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंतची टिपणी मराठीत चालते आणि राज्यसेवेत मराठीची परीक्षा द्यावीच लागते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना पत्रव्यवहारासाठी यहुद्यांची लिपी व भाषा शिकण्यास सांगितले आणि त्यांनी ती थोड्याच दिवसांत आत्मसात केली, ही हदीस तिर्मिजीत आहे. कामाची भाषा शिकल्याने त्यांच्या ओळखीला उणेपणा आला नाही. मराठी तर परकीही नाही. अंगणात आपण तीच बोलतो, कागदावर तिला का भ्यावे?

नमाज आणि करार

नोकरी लागल्यावर पहिला प्रश्न नमाजचा येतो. येथे दोन टोकांची माणसे भेटतात. एकाला विचारण्याचीच लाज वाटते आणि तो जोहर रोज कजा करतो. दुसरा न विचारता उठून जातो, पाऊण तासाने परततो आणि कोणी बोलले की त्याला दीनाचा अपमान म्हणतो. फिकहच्या ग्रंथांत या प्रश्नाची मांडणी करार म्हणून केलेली आहे. ठरावीक वेळेसाठी एकाच मालकाकडे काम करणाऱ्याला ‘अजीर-ए-खास’ म्हणतात. त्याचा तेवढा वेळ मालकाची अमानत आहे. फर्ज नमाज त्यातून वगळलेली आहे, तिच्यासाठी लागणारा वेळ कामगाराचा हक्क मानला गेला. नफिल नमाज मात्र मालकाच्या परवानगीशिवाय कामाच्या वेळेत पढता येत नाही, असे हनफी फुकहांनी सांगितले आहे. यावरून समजावे की जोहरनंतर मशिदीच्या ओट्यावर रेंगाळणे हा तर प्रश्नच नव्हे, तो अमानतीतून काढलेला वेळ आहे.

व्यवहारात हे दिसते तितके कठीण नाही. आपल्याकडे हिवाळ्यातही जोहरची वेळ साधारण साडेबारापासून तीन-साडेतीनपर्यंत मिळते. सलग पाच तास कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती हा १९४८ च्या कारखाना कायद्यापासून रुळलेला नियम आहे. दहा मिनिटांत वजू आणि फर्ज होतात. जुम्याचा प्रश्न थोडा मोठा आहे, कारण जाणे-येणे धरून तासभर लागतो. तो पहिल्याच दिवशी बोलावा. ‘शुक्रवारी एक तास द्या, मी सकाळी लवकर येईन किंवा संध्याकाळी तेवढे थांबेन’ असे सांगणाऱ्याला नकार देणारे अधिकारी असतात, पण मान देणारेही पुष्कळ असतात. विचारण्याआधीच सगळ्यांना वैरी ठरवणे हा गुमान आहे आणि सूरह हुजुरातने पुष्कळशा गुमानांपासून दूर राहण्यास सांगितले आहे.

गणवेशाच्या सेवांचे नियम निराळे आहेत, हेही आधीच माहीत असावे. दाढी ठेवल्यामुळे हवाई दलातून कमी केलेल्या एका जवानाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये फेटाळला. निकालाबद्दल मत काहीही असो, पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी धावण्याचा सराव करणाऱ्या मुलाने मैदानावर उतरण्याआधी तो नियम वाचलेला असावा आणि आपल्या भागातील जाणत्या आलिमांशी बोलून निर्णय घेतलेला असावा. भरती झाल्यावर उभा राहणारा पेच घराला फार महाग पडतो.

आपल्या गल्ल्यावरून

आता आरसा आपल्याकडे वळवू. या जिल्ह्यात आपली माणसे केवळ नोकरी मागणारी नाहीत. फळांची आडत, गॅरेज, वेल्डिंग, फर्निचर, कापड, बांगड्या, चपला, वीटभट्टी, ट्रक अशा शेकडो ठिकाणी आपण मालक आहोत. तेथे कोण काम करतो? मेहुणा, भाचा, मोहल्ल्यातला मुलगा. बाहेरचा ठेवलाच तर पाण्याचा ग्लास कोणाचा, डबा कोठे बसून खायचा, याचे न बोललेले नियम असतात. थोरात यांच्या अभ्यासातील ज्या दलित नावाला दोन तृतीयांश संधी मिळाली, त्या नावाला आपल्या दुकानात किती मिळते, हे प्रत्येकाने आपल्या वहीतून पाहावे.

हिजरतच्या प्रवासाइतका धोक्याचा प्रवास प्रेषितांच्या (स.) जीवनात दुसरा नव्हता. डोक्यावर बक्षीस लागलेले होते, गुहेत तीन रात्री काढलेल्या होत्या. त्या वाटेसाठी त्यांनी आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांनी मजुरी देऊन वाटाड्या ठरवला तो अब्दुल्लाह बिन उरैकित, जो त्या वेळी ईमान आणलेला नव्हता. त्याला वाट माहीत होती आणि तो शब्दाचा पक्का होता. सांडण्या त्याच्याकडे आधीच सोपवलेल्या होत्या. सहीह बुखारीत ही हदीस मजुरीच्या प्रकरणात आली आहे, यातच पुष्कळ काही आले. प्रेषितांची (स.) सेवा करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला तेव्हा ते स्वतः त्याच्या घरी गेले, त्याच्या उशाशी बसले. आपल्या गॅरेजमधला बंजारा मुलगा रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला सुटी मागतो, बौद्ध मुलगा १४ एप्रिलला मागतो, तेव्हा आपल्या कपाळावर आठी पडते का? जुम्याचा तास मागणाऱ्या समाजाने या दोन तारखा न विचारता वहीत लिहून ठेवाव्यात. ज्यांनी तुमच्याशी दीनासाठी युद्ध केले नाही त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास अल्लाह मनाई करीत नाही, उलट न्यायी लोक त्याला प्रिय आहेत, हे सूरह मुम्तहिनाच्या आठव्या आयतीत आहे.

घरातलीही एक गाठ आहे. हजरत अबू जर (रजि.) यांनी रागाच्या भरात एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की तुमच्यात अजून जाहिलियतचा अंश आहे. पुढे म्हणाले, जे तुमच्या हाताखाली आहेत ते तुमचे भाऊ आहेत. जे स्वतः खाता ते त्यांना खाऊ घाला, जे नेसता ते नेसवा, झेपणार नाही असे काम लादू नका, आणि लादलेच तर स्वतः हात लावा. आपल्याकडे बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन, कुरेशी ही नावे कशासाठी उच्चारली जातात? १९९० च्या दशकात मुस्लिम ओबीसी चळवळीने या व्यवसायिक जमातींना सवलती मिळवून देण्यासाठी झगडा केला तेव्हा ‘इस्लाममध्ये जाती नाहीत’ असे म्हणून तिला विरोध करणारेही होते. शिकवणुकीत नाहीत हे खरे. लग्नाच्या बैठकीत आणि मशिदीच्या कमिटीत त्या असतात, हेही खरे. आज त्याच दाखल्यावर अनेक घरांतील मुले शिक्षक झाली, ग्रामसेवक झाली. कागदावर तो दाखला घ्यावा, त्यात संकोच नसावा. गल्ल्यावरचा पोरगा ‘कोणाचा’ आहे हे विचारणे मात्र सोडावे.

मजुरीच्या बाबतीत तर हदीस इतकी स्पष्ट आहे की तिला टीका-टिप्पणीची गरज नाही. घाम वाळण्याआधी मजुराची मजुरी द्यावी, ही इब्ने माजाची हदीस लहान मुलांनाही पाठ असते. बुखारीत त्याहून कडक हदीस आहे. कियामतच्या दिवशी ज्या तिघांच्या विरुद्ध स्वतः अल्लाह वादी असेल त्यांत काम पुरे करून घेऊन मजुरी न देणारा आहे. वीटभट्टीच्या उचलीचा हिशेब, ट्रकच्या क्लीनरचा भत्ता, ईदच्या आधी शिंप्याकडच्या कारागिराचे थकलेले पैसे, हे सारे या हदीसखाली येते. कामगार मुसलमान आहे की नाही, असा भेद तिच्यात नाही.

हिल्फुल फुजूल

वर ठेवलेला मुद्दा येथे घ्यावा. नबुव्वतपूर्वी मक्केत येमेनहून एक व्यापारी आला. आस बिन वाइल या सरदाराने त्याचा माल घेतला आणि पैसे दिले नाहीत. परदेशी माणूस, कबिल्याचे पाठबळ नाही. तो टेकडीवर चढून ओरडला. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही लोक जमले आणि पीडित कोणीही असो, त्याचा हक्क मिळेपर्यंत त्याच्या बाजूने उभे राहण्याचा करार केला. त्या करारात तरुण मुहम्मद (स.) सामील होते. नबुव्वतनंतरही ते म्हणत की अशा कराराला आजही कोणी बोलावले तर मी जाईन. त्या घरात जमलेले लोक मुसलमान नव्हते. तेव्हा इस्लामची हाकही उठलेली नव्हती.

बाजार समितीतील हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्याचे संरक्षण मिळाले ते निरनिराळ्या जातिधर्मांच्या हमालांनी एकत्र मागितले म्हणून. एकट्या मोहल्ल्याने मागून ते मिळाले नसते. मुलाखतीत नावावरून डावललेला मुस्लिम तरुण आणि आडनावावरून डावललेला बौद्ध तरुण यांची तक्रार एकच आहे. एकमेकांच्या अर्जावर सह्या करण्याची, सोबत कामगार कार्यालयात जाण्याची सवय आपल्याकडे फार कमी आहे. ईद मिलनचा शिरखुर्मा जितक्या हौसेने वाटतो तितक्या हौसेने आपण शेजाऱ्याच्या थकलेल्या मजुरीसाठी चार पावले चालतो काय?

स्त्रिया आणि अपंग

हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापारी काफिला शामला जात असे आणि त्यांनी नेमलेला सर्वांत विश्वासू माणूस पुढे अल्लाहचा प्रेषित झाला. हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) कातडी कमावून, शिवून कमाई करीत आणि ती सदका करीत. शिक्षिका, परिचारिका, आशा स्वयंसेविका, बचतगटाची अध्यक्ष म्हणून आपल्या मुली आज बाहेर पडतात. त्यांच्या सुरक्षेसाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असणे बंधनकारक आहे, मग ते ठिकाण कंपनी असो, दवाखाना असो की आपल्या संस्थेची शाळा असो. अनेक उर्दू शाळांच्या व्यवस्थापनांनी हा कायदा आपल्यालाही लागू आहे हे ध्यानात घेतलेले दिसत नाही.

हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. मदीनेत दोन मुअज्जिन होते, एक हबशी वंशाचे हजरत बिलाल (रजि.) आणि दुसरे हे. मोहिमेवर जाताना प्रेषितांनी (स.) अनेक वेळा मदीनेचा कारभार त्यांच्याकडे सोपवला. ही सहानुभूतीची नेमणूक नव्हती, मागे शहर राखायचे होते. आपल्याकडे अपंग मुलाला घरात सांभाळतात, प्रेमाने सांभाळतात, पण कामाला पाठवण्याचा विचार करीत नाहीत. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव ठेवल्या आहेत. त्यासाठी वैश्विक ओळखपत्र लागते. त्याचा अर्ज संगणकावर भरता येतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. ज्या घरात असा तरुण किंवा तरुणी आहे त्यांनी पुढच्या भरतीची जाहिरात येण्याची वाट न पाहता हे काम आधी उरकून घ्यावे, आणि ज्याला संगणक येतो त्या शेजाऱ्याने त्यांचा अर्ज भरून द्यावा.